यात्रेतील फडाचे ऋण



चैत्र लागला की मावळातील गावोगावच्या यात्रांना प्रारंभ होतो. परंदवडीसारख्या गावांतून पुण्या-मुंबईस नोकरीला गेलेली मंडळी परततात, माहेरवाशिणी लेकरांसह येतात. ग्रामदेवतेला अभिषेक, रात्री पालखीचा छबिना, त्यानंतर लोकनाट्य तमाशा आणि दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा, असा सर्वसाधारण क्रम. खर्च घरटी वर्गणीतून.

तमाशा म्हटले की सुशिक्षित घरांत आजही नाके मुरडली जातात. परंतु त्याची रचना पाहावी. प्रथम गण, म्हणजे गणेशाचे स्तवन. मग गौळण; तीत मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी, वाट अडविणारा श्रीकृष्ण आणि पेंद्या. पुढे बतावणी व अखेरीस वग. ज्यांच्या हाती पोथी कधी पडली नाही, त्यांच्यापर्यंत पुराण आणि इतिहास ढोलकी-तुणतुण्याच्या साथीने असा पोहोचला.

पठ्ठे बापूराव (१८६६–१९४५) हे मूळचे रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी. स्वकीयांचा रोष पत्करून ते फडात उतरले. महार समाजातील पवळा त्यांच्या फडाची नायिका झाली. समरसतेची भाषणे होण्यापूर्वी ती बोर्डावर आचरली गेली.

मात्र या कलावंतांना समाजाने काय दिले? विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला, तरी त्यांचे अखेरचे दिवस हलाखीत गेले. २००२ साली त्या निवर्तल्या. त्यांच्या नावाचा शासकीय जीवनगौरव पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे यात्रा बंद राहिल्या. यात्रांच्या हंगामावरच फडाची वर्षभराची चूल पेटते. ती विझली, तेव्हा किती गावकारभाऱ्यांनी विचारपूस केली?

नारायणगावी फडांच्या राहुट्या लागतात, तेथे जाऊन गावकारभारी सुपारी देतात. तिथे घासाघीस करायची आणि डीजेला मागेल ती रक्कम मोजायची, हा कसला हिशेब? ठरलेली बिदागी पूर्ण द्यावी. कलावंत भगिनींसाठी कपडे बदलण्याची स्वच्छ, सुरक्षित जागा असावी. गण-गौळण संपण्याआधी सिनेमाच्या गाण्याची फर्माईश होऊ नये. आणि पुढच्या रांगेत गावातील कुटुंबे बसावीत. आया-बहिणी समोर असल्या की शिट्ट्या आपोआप थांबतात.

देवाच्या नावाने वर्गणी गोळा होते. त्याच देवाचा गण गाणाऱ्याला गावातून उपाशी किंवा अपमानित होऊन जावे लागले, तर ती यात्रा देवाला पोहोचली असे म्हणता येणार नाही.