वांग्याचे बी कोणाच्या हाती?



वांगे हे या भूमीचेच पीक. चातुर्मासात वर्ज्य केलेले वांगे चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याच्या नैवेद्याने घरात परत येते. कृष्णाकाठच्या वांग्याची चव निराळी, खानदेशातील भरताच्या वांग्याची निराळी. हे वैविध्य पिढ्यान्‌पिढ्या बी राखणाऱ्या हातांनी जपले आहे.

म्हणूनच ऑक्टोबर २००९ मध्ये तज्ज्ञ समितीने बीटी वांग्याला मान्यता देताच देशभर चिंता व्यक्त झाली. सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि ९ फेब्रुवारी २०१० रोजी केंद्र सरकारने लागवडीला स्थगिती दिली.

हे वांगे अपायकारक असल्याचे सिद्ध झाले आहे, असे कोणी म्हणू नये. बांगलादेशात २०१४ पासून त्याची लागवड झाली आहे. प्रश्न आहे तो दीर्घकालीन, स्वतंत्र परीक्षणाचा. परागीभवनातून देशी वाणांत होऊ शकणाऱ्या संकराचा. आणि बियाण्यावरील स्वामित्वाचा.

परंतु केवळ निषेधाने वाण टिकत नाहीत. अकोले तालुक्यातील कोंभाळणे येथील राहीबाई पोपेरे यांनी गावठी बियाण्यांची बँक उभी केली; त्या कार्यासाठी पद्मश्री देऊन त्यांचा गौरव झाला. शहरातील कुटुंबालाही गच्चीतील एका कुंडीपासून आरंभ करता येईल. संकरित बियाणे पुढील पिढीत तसेच उतरत नाही. म्हणून गावठी वाणच निवडावा. एक सुदृढ फळ झाडावरच पिवळे होऊ द्यावे, बी धुऊन सावलीत वाळवावे, राखेत घोळून ठेवावे आणि त्यातील मूठभर शेजारी द्यावे.

प्रत्येक घराने एक वाण जरी राखला, तरी बियाण्याचे स्वातंत्र्य ही केवळ घोषणा उरणार नाही.