मेळातील जागा

तलमडुगु हे आदिलाबाद जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेलगतचे मंडलाचे गाव. तेलुगू, गोंडी आणि मराठी या तिन्ही भाषा या मुलखात कानी पडतात. दिवाळीच्या सुमारास जिल्ह्यातील गोंडांची दंडारीची पथके एका गावाहून दुसऱ्या गावी पाहुणी म्हणून जातात. ढोल आणि तुडुम घुमू लागतात, सनईसारखे पेपरे सूर धरते आणि मोरपिसांचे मुकुट ल्यालेले घुसाडी नाचू लागतात. त्यांच्याबरोबर स्त्रीवेष केलेले तरुणही असतात. त्यांना पोरिक म्हणतात. हा वेष सणापुरता. त्यावरून कोणाच्या प्रकृतीविषयी अनुमान बांधणे योग्य होणार नाही. परंतु स्त्रीवेषातील पुरुष वाद्यांच्या मेळात उभा राहिला, म्हणून तेथे कोणाला वावगे वाटत नाही, एवढे खरे.

याच भूमीवर मात्र एक निराळा कायदा होता. आदिलाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. फसली १३२९ मध्ये, म्हणजे इ. स. १९१९ च्या सुमारास, तेथे तृतीयपंथीयांविषयी एक कायदा करण्यात आला. ज्यांच्याविषयी संशय येईल त्यांची नोंदवही ठेवावयाची. आणि नोंदलेली व्यक्ती रस्त्यात स्त्रीवेषात आढळली, नाचली अथवा तिने वाद्य वाजविले, तर तिला वारंटावाचून पकडावयाचे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. इंग्रजांच्या १८७१ च्या कायद्यातही असेच कलम होते. चोरी हा गुन्हा, मारामारी हा गुन्हा, हे कोणालाही पटेल. परंतु ढोलकीवर थाप मारणे हाही गुन्हा! संस्थान लयास गेले, १९५६ मध्ये भाषावार प्रांतरचना झाली, २०१४ मध्ये तेलंगण वेगळे निघाले. कायदा आपला पुस्तकात तसाच. अखेर जुलै २०२३ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरविला.

कायद्याची आडकाठी गेल्याने मेळात जागा मिळते असे मात्र नव्हे. बारशाला किंवा लग्नघरी तृतीयपंथीयांचे गाणे महाराष्ट्रातही लोक ऐकतात, दक्षिणा देतात. यल्लम्माच्या जोगत्याच्या हातातील चौंडक्याला नमस्कारही करतात. पण ते गाणे उंबऱ्याबाहेरचे. त्याला आशीर्वादाचे मोल आहे, कलेचे नाही.

म्हणूनच पुण्यात २०२४ साली जे घडले त्याचे महत्त्व आहे. तेथील तृतीयपंथीयांनी ‘शिखंडी’ नावाचे स्वतःचे ढोलताशा पथक उभारले आणि त्या वर्षीच्या गणेशोत्सवात ते वाजले. महाभारतातील ते नाव आपण होऊन घेण्यात धिटाई आहे. पथक म्हणजे नुसता गोंगाट, असे समजणारे पुष्कळ आहेत. त्यांनी एकदा सराव पाहावा. ढोल कमरेला बांधून तासन् तास उभे राहावे लागते. ताशा पुढे चालतो, ढोलांनी त्याच्या इशाऱ्यावर टोल द्यावयाचा. एकाचा टोल चुकला तर साऱ्या रांगेला कळते. तेथे दया उपयोगी पडत नाही आणि तिरस्कारही नाही. कान आणि मनगट एवढेच विचारात घेतले जाते.

परदेशी शहरांतून हीच गरज निराळ्या रूपाने पुरी झालेली आहे. सॅन फ्रान्सिस्को येथे १९७८ मध्ये समलिंगी वादकांचा बँड निघाला. लंडनमध्ये १९९६ साली आणि न्यूयॉर्कमध्ये २००९ साली अशा मंडळींचे पूर्ण वाद्यवृंद स्थापन झाले. अशा वृंदांतून पुष्कळसे हौशी वादकच असतात. दिवसा पोटापाण्याचा उद्योग, सायंकाळी तालीम. प्रारंभी ओबो नावाच्या वाद्याचा एक स्वर निघतो आणि सारे त्याला आपापली वाद्ये मिळवून घेतात. रचनाकाराची अडचण तर याहून मोठी. गायक एकटा गाऊ शकतो. परंतु पन्नास वाद्यांसाठी लिहिलेली रचना पन्नास माणसे जमेपर्यंत कागदावरच पडून राहते. आपल्याच माणसांचा वृंद असला, की ती निदान एकदा ऐकावयास मिळते.

पुण्याच्या पथकांतही रचना असतातच. तालाच्या त्या बांधणीला तेथे ‘हात’ म्हणतात. चांगला हात एका पथकातून दुसऱ्या पथकात सहज उचलला जातो, आणि तो प्रथम कोणी बसविला हे पुढच्या वाजविणाऱ्यांना पुष्कळदा ठाऊकही नसते.