दोन सूत म्हणजे सहा मिलिमीटर नव्हे

पालघर, डहाणू, बोईसरकडे वारली चित्रांचे ट्रे, फोटोच्या चौकटी, चावी अडकवायच्या पट्ट्या करणारे आपले गट आहेत. चित्राचा हात आपलाच. पण चौकट मिस्त्रीकडून करून घेतली की नफ्यातला मोठा वाटा तिथेच जातो. म्हणून कोणी हातात धरायचा छोटा राऊटर घेते. दुकानात त्याला ट्रिमर म्हणतात. आज त्याच्या बिटबद्दल बोलायचंय.

बिट मागायला गेलं की काउंटरवर ऐकू येतं, "दोन सूत घ्या नाहीतर सहा एमएम घ्या, एकच ते." एकच नाही!

सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. इंच २५.४ मिलिमीटरचा, म्हणजे एक सूत ३.१७५ मिलिमीटर. दोन सूत, म्हणजे पाव इंच, भरतं ६.३५. चार सूत, म्हणजे अर्धा इंच, १२.७. मेट्रिक मापांचा कायदा आपल्याकडे १९५६ सालीच झाला, पण मिस्त्रीच्या तोंडी अजून सूतच आहे. प्लायचंच बघा. ताव आठ बाय चार फुटांचा आणि जाडी मात्र मिलिमीटरमध्ये! एकाच फळीवर दोन मापं नांदतात, मग बिटमध्ये घोळ होणारच.

सहा आणि ६.३५ यांत फरक किती? वहीची चार-पाच पानं एकावर एक ठेवली तर जेवढी जाडी होईल तेवढा. एवढ्याशानं काय होतं, असं वाटेल. ते बिटच्या कुठल्या भागात फरक आहे त्यावर अवलंबून आहे.

बिटचा एक भाग दांडा. तो मशीनच्या कोलेटमध्ये, म्हणजे पकडीत, जातो. इथे माप तंतोतंत जुळलंच पाहिजे. ६.३५ चा दांडा सहाच्या कोलेटमध्ये जातच नाही, ते बरं. सहाचा दांडा ६.३५ च्या कोलेटमध्ये जातो, आणि धोका तिथेच आहे. नट आवळला की घट्ट वाटतं, पण पकड पूर्ण बसलेली नसते. ट्रिमर मिनिटाला ३०,००० च्या आसपास फेरे घेतो. बिट हळूहळू खाली सरकतं, खाच नको तितकी खोल जाते, आणि कधी बिट निसटून उडतं. समोर आपले हात असतात, डोळे असतात. कोणी दांड्याला कागद किंवा पत्र्याची पट्टी गुंडाळून चालवा म्हणाला, तर तो कितीही जुना मिस्त्री असो, ऐकू नका. दांड्याच्या मापाचं कोलेट घ्या. काही ट्रिमरसोबत सहाचं आणि पाव इंचाचं अशी दोन्ही कोलेटं येतात, तेव्हा खोक्यात आधी नीट बघा. दांडा तळापर्यंत घालून दोन-तीन मिलिमीटर वर उचलायचा आणि मग आवळायचा. बिट बदलताना प्लग काढलेलाच हवा, आणि चालवताना चष्मा.

दुसरा भाग पात्याचा. इथे थोडं इकडेतिकडे चालतं, पण फळी बघून. ट्रेच्या बाजूला खाच पाडून त्यात तळाची फळी बसवतो ना? सहाचं प्लाय ६.३५ च्या खाचेत खडखडतं. उलट, पाव इंच भरणारी फळी सहाच्या खाचेत शिरणार नाही. ठोकली तर चौकट कोपऱ्यात उघडेल. शिवाय सहाचं म्हणून विकलेलं प्लाय बरेचदा सहापेक्षा कमीच भरतं. म्हणून छापलेल्या आकड्यावरून, म्हणजे सुतावरून, स्वर्ग गाठू नका. व्हर्नियर कॅलिपरनं फळी मोजा. गटाच्या पैशातून घ्यायची पहिली वस्तू माझ्या मते तीच, बिटचा मोठा संच नंतर. आणि मोजायचं ते रंग आणि व्हार्निश वाळल्यावर, कारण त्यांचीही जाडी धरावी लागते.

नेमक्या मापाचं बिट नाही मिळालं तर फळीपेक्षा बारीक घ्या, पाच किंवा चारचं. एक खाच मारून गाईड किंचित सरकवायचा आणि दुसरा हात मारायचा. खाच रुंद करता येते, अरुंद करता येत नाही. आधी टाकाऊ तुकड्यावर मारून फळी बसवून बघा.

बेअरिंगचं बिट वापरत असाल तर आणखी एक. साच्याच्या कडेनं सपाट कापणाऱ्या बिटमध्ये बेअरिंग आणि पातं एकाच व्यासाचं असतं. अर्ध्या इंची बिटचं बेअरिंग खराब झालं आणि दुकानदारानं बाराचं दिलं, तर पातं साच्याच्या आत ०.३५ मिलिमीटर घुसतं. साचाच खाल्ला जातो, आणि मग पुढचा प्रत्येक नग वेगळा.

दुकानात दोन आकडे सांगा, दांड्याचा वेगळा आणि पात्याचा वेगळा, दोन्ही मिलिमीटरमध्ये. जुनं बिट सोबत न्या. घरी इंचाची आणि मिलिमीटरची बिटं दोन वेगळ्या डब्यांत ठेवा आणि डब्यांवर रंगाच्या खुणा करा. खूण डब्यावरच हं, दांड्यावर नाही. तिथे रंग लागला की कोलेटची पकड बिघडते.