कर्ता माणूस गेल्यावर : आयुर्विमा आणि आपले कुटुंब

(सभासद व विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



मृत्यू न पाहिलेले घर नाही, हे किसा गोतमीला मूठभर मोहरी मागताना कळले. आपणही ते जाणतो. परंतु कमावता माणूस गेला की दुःखाबरोबर हिशेबही दारात उभा राहतो. खोलीचे भाडे, किराणा, दवाखान्याचे देणे थांबत नाही. मग पहिली कात्री मुलांच्या, त्यातही मुलीच्या शिक्षणाला लागते. म्हणून आज आम्ही हा विषय घेतला आहे.

बाबासाहेबांनी १९४७ साली संविधान सभेपुढे मांडण्यासाठी तयार केलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात विमा सरकारच्या हाती असावा आणि प्रत्येक प्रौढ नागरिकाला त्याच्या मिळकतीच्या प्रमाणात आयुर्विमा सक्तीचा असावा, असे सुचविले होते. १ सप्टेंबर १९५६ रोजी आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले; सक्ती मात्र आली नाही. तेव्हा ती जबाबदारी आपली आपणच घ्यावयाची आहे.

विम्याची रक्कम गेलेला माणूस परत आणीत नाही. पण ती घराला सावरण्यास वेळ देते, सावकाराची पायरी चढू देत नाही. मोठा हप्ता झेपत नसेल त्यांच्यासाठी २०१५ पासून प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. १८ ते ५० वयाच्या खातेदाराला बँकेतून किंवा पोस्टातून ती घेता येते. जून २०२२ पासून वर्षाचा हप्ता ४३६ रुपये असून मृत्यूनंतर वारसास २ लाख रुपये मिळतात. आई गेली तरी घर तितकेच कोसळते; म्हणून विमा फक्त पुरुषाचा, ही समजूत सोडावी.

परंतु पॉलिसी घेतली म्हणजे काम संपले नाही. लग्नापूर्वी आईचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले असते आणि लग्नानंतर ते तसेच राहते. २०१५ च्या दुरुस्तीनंतर आई-वडील, पती-पत्नी वा मुले नॉमिनी असतील, तर पैशाचा हक्क त्या नॉमिनीचा मानला जाऊ शकतो. मग पत्नी व लेकरे बाजूला राहू शकतात. म्हणून लग्न झाल्यावर विचार करून दोघींचीही नावे व हिस्से नोंदवावेत. नॉमिनी अज्ञान असेल, तर त्याच्या वतीने रक्कम घेणाऱ्याचेही नाव द्यावे. कर्जाचे ओझे असेल, तर विवाहित पुरुषाने पॉलिसी घेतानाच ती १८७४ च्या विवाहित स्त्री संपत्ती कायद्याखाली पत्नी-मुलांसाठी घ्यावी; त्या रकमेवर देणेकऱ्यांचा हात पडत नाही.

हप्ता चुकला तरी वार्षिक, सहामाही व तिमाही हप्त्यास ३० दिवसांची, मासिक हप्त्यास १५ दिवसांची सवलत असते. त्यापुढे संरक्षण तुटू शकते. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. दाखल्याशिवाय दावा पुढे सरकत नाही.

विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. घरी गेल्यावर आई-वडिलांना तीन प्रश्न विचारा : पॉलिसी कुठे ठेवली आहे, नॉमिनी कोण आहे, पुढचा हप्ता कधी आहे? उत्तरे एका वहीत लिहून ती वही आईला दाखवा. ज्या पॉलिसीची घरात कोणाला माहितीच नाही, तिचा पैसा मागायला जाणार कोण?