शस्त्रापूर्वीचा प्रश्न



उत्तर लिहिण्यापूर्वी प्रश्न नीट वाचावा, ही शाळेची शिकवण वैद्यकालाही लागू आहे. वजन घटवण्याच्या शस्त्रक्रियेत तिचा विसर पडला, तर किंमत रुग्णाला मोजावी लागते.

बेळगाव-निपाणी परिसरातील माणसे आता या शस्त्रक्रियेसाठी कोल्हापूर-पुण्याची वाट धरू लागली आहेत. अतिस्थूलतेवर, विशेषतः सोबत मधुमेह असल्यास, ती गुणकारी आहे. बहुतेकांच्या स्थूलतेमागे ग्रंथींचा रोग नसतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. परंतु काहींच्या मागे तो असतो, आणि ते काही कोण हे आधी ओळखावे लागते.

मुंबईच्या सैफी रुग्णालयात २०१७ साली इजिप्तच्या इमान अहमद यांच्यावर अशी शस्त्रक्रिया झाली. त्यांचे वजन सुमारे ५०० किलो असल्याचे सांगितले गेले होते. जनुकीय तपासणीत लेप्टिन या संप्रेरकाचा संदेश स्वीकारणाऱ्या यंत्रणेतच दोष आढळला. पोट भरल्याची वार्ता मेंदूला देणारे हे संप्रेरक १९९४ मध्ये उजेडात आले. ज्याला ती वार्ता पोहोचतच नाही, त्याला खादाड म्हणण्याचा अधिकार कोणाला आहे?

असे दोष दुर्मीळच. अवटू ग्रंथीची, म्हणजे थायरॉईडची मंदता मात्र घरोघरी आढळते. २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रत्येक स्थूल रुग्णाची थायरॉईड तपासणी व्हावी. इतर ग्रंथींची तपासणी लक्षणे पाहून करावी. थायरॉईडच्या गोळीने वजन फार उतरत नाही. पण ही मंदता तीव्र असताना भूल देणे धोक्याचे असते.

दुसरा रोग कुशिंगचा. हार्वे कुशिंग यांनी १९३२ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन केले. चेहरा गोल होतो, पोट सुटते, हातपाय मात्र बारीक राहतात. त्वचेवर रुंद जांभळे पट्टे उमटतात, जिना चढताना मांड्यांतील बळ सरते. कॉर्टिसॉलचा हा अतिरेक न ओळखता जठर लहान केले, तर मूळ रोग तसाच राहतो. जखम भरण्यास विलंब होतो आणि रक्तात गुठळ्या होण्याचा धोकाही वाढतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट विचारलीच पाहिजे. गुडघेदुखीवर वा दम्यावर ‘रामबाण’ म्हणून मिळणाऱ्या निनावी पुड्यांत कधीकधी स्टेरॉईड मिसळलेले असते. त्याने कुशिंगसारखीच सूज आणि वजन वाढते, शिवाय अधिवृक्क ग्रंथी निद्रिस्त होतात. अशा रुग्णाने शस्त्रक्रियेच्या सुमारास पुडी एकाएकी थांबवली, तर रक्तदाब कोसळून जीव धोक्यात येऊ शकतो. पुडी रुग्ण लपवतो, कारण ती औषध आहे असे त्याला वाटतच नाही.

आपल्या सीमाभागात रुग्णाची भाषा मराठी, डॉक्टरांची पुष्कळदा कानडी आणि केसपेपर इंग्रजी असतो. या तीन भाषांच्या प्रवासात नेमकी ती पुडी गळून पडते. म्हणून रुग्णासोबत जाणाऱ्या मुलाने वा सुनेने घरातील प्रत्येक गोळी, पुडी, मलम पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ठेवावे. पाळीतील अनियमितता, अकारण उठणारे काळेनिळे डाग, वजन कोणत्या वर्षी झपाट्याने वाढले, हे संकोच न करता सांगावे. डॉक्टरांनीही वजनकाट्याआधी रुग्णाकडे पाहावे.

प्रश्न पुरता वाचला गेला, तर शस्त्रक्रिया करावी की नाही याचे उत्तर बहुधा चुकणार नाही.