पडदा उघडण्यापूर्वींचा इशारा

संगीतनाटकाचा पडदा वर जाण्यापूर्वीं जें वाद्यसंगीत वाजतें, त्याचें कार्य काय, याचा विचार युरोपांत फार दिवस कोणी गंभीरपणें केला नव्हता. प्रेक्षकांनीं गलबला थांबवून आसनस्थ व्हावें, एवढ्यासाठींच पुष्कळदां तें वाजविलें जाई. ग्लुक या संगीतकारानें मात्र ‘आल्चेस्ते’ या नाटकाच्या १७६९ सालीं छापलेल्या प्रस्तावनेंत असें प्रतिपादन केलें कीं, प्रारंभसंगीतानें पुढील कथानकाच्या स्वरूपाची जाणीव प्रेक्षकांस आधींच करून द्यावी. या मताचें एक अत्यंत प्रभावी उदाहरण अठरा वर्षांनीं मोत्सार्टनें घालून दिलें. तें म्हणजे ‘डॉन जोव्हानी’चें प्रारंभसंगीत होय.

हें नाटक २९ ऑक्टोबर १७८७ रोजीं प्राग शहरीं प्रथम रंगभूमीवर आलें. पद्यरचना लोरेन्झो दा पोन्ते याची होती, आणि वाद्यवृंदाचें नेतृत्व स्वतः मोत्सार्टनें केलें. कथानायक हा एक विलासी व निर्ढावलेला सरदार. स्त्रियांस फसविणें हाच त्याचा उद्योग. नाटकाच्या आरंभींच तो एका तरुणीच्या वृद्ध पित्याचा द्वंद्वांत वध करितो. पुढें स्मशानांत त्या वृद्धाचा पाषाणपुतळा पाहून तो थट्टेनें त्यास भोजनाचें आमंत्रण देतो. पुतळा तें स्वीकारतो आणि खरोखरच येतो! ‘पश्चात्ताप कर’ असें तो बजावतो; सरदार साफ नकार देतो, व नरकाग्नींत ओढला जातो. एवढें भीषण पर्यवसान असतांहि मोत्सार्टनें आपल्या कृतींच्या यादींत या नाटकाची नोंद विनोदी संगीतिका म्हणून केली, आणि मधला बराच भाग खरोखर हंसविणारा आहे. मग या हास्यांत बुडालेल्या प्रेक्षकास शेवटचा न्याय आगंतुक कां वाटत नाहीं? याचें उत्तर प्रारंभींच्या संगीतांत आहे.

प्रथम स्वरांकडे पाहूं. पाश्चात्त्य संगीतांत ‘डी’ नांवाचा जो स्वर आहे, तो येथें षड्ज मानला आहे. आरंभींच्या भागांत त्यावरील गांधार व धैवत कोमल आहेत. ही ‘डी मायनर’ स्वररचना होय. यानंतर द्रुत भाग लागतो, तेव्हां षड्ज तोच राहतो, परंतु गांधार शुद्ध होतो आणि सारें वातावरण उजळून निघतें. ही ‘डी मेजर’ रचना. तात्पर्य, भय आणि विलास हीं दोन्हीं एकाच षड्जावर उभीं आहेत. सरदाराच्या रंगेल आयुष्याचा पाया आणि त्याच्या अंताचा पाया निराळा नाहीं, हेंच जणू स्वरांनीं सांगितलें आहे.

आतां लयीचा विचार. पहिल्या ३० तालखंडांवर ‘आंदांते’ अशी सूचना आहे. तिचा अर्थ चालत्या माणसाची गति. शिवाय तालचिन्ह असें आहे कीं, प्रत्येक खंडांत दोनच ठोके मोजावे. कित्येक वाद्यवृंदनायक भीषणतेच्या मोहानें चार संथ ठोके मोजतात. त्यामुळें संगीत प्रेतयात्रेसारखें रेंगाळतें. वस्तुतः येथें शोक नाहीं. कोणी तरी चालत येत आहे, आणि त्याचें पाऊल न घाईचें आहे, न थांबणारें. लय मंदावली कीं हा येणारा पाहुणाच नाहींसा होतो.

रसनिर्मितीची साधनेंहि मोजकींच आहेत. प्रथम साऱ्या वाद्यवृंदाचा प्रचंड आघात. मग तंतुवाद्यांचीं अडखळत्या वजनाचीं पावलें. पुढें फ्ल्यूट व व्हायोलिन स्वरांच्या पायऱ्या चढतात, उतरतात, आणि ऐकणाराचें अंग शहारतें. एवढ्यांत द्रुत भाग सुरू होतो व भीति विसरली जाते.

पण मोत्सार्ट विसरत नाहीं. दुसऱ्या अंकाच्या अखेरीस पुतळा दारांत उभा राहतो, तेव्हां तीच ‘आंदांते’ लय व तेंच संगीत परत येतें. फरक इतकाच कीं, प्रारंभीं पहिला आघात षड्जावर स्थिर असलेल्या स्वरमेळाचा होता. येथें तो विसंवादी व अस्थिर स्वरमेळाचा आहे. शिवाय प्रारंभसंगीतांत मुद्दाम वगळलेले ट्रोम्बोन आतां गर्जूं लागतात. इशारा दिला तेव्हां जें राखून ठेविलें होतें, तें न्यायाच्या वेळीं बाहेर काढलें.

आणखी एक गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. नाटकांत हें प्रारंभसंगीत पूर्णविराम घेत नाहीं. तें हळूहळू मूळ षड्ज सोडून दुसऱ्या षड्जावर सरकतें आणि रात्रीं पहारा करीत कुरकुरणाऱ्या सेवकाच्या गाण्यांत मिसळून जातें. प्रेक्षक हंसूं लागतो. तथापि, कांहीं मिनिटांपूर्वींच निकाल त्याच्या कानीं पडलेला असतो. मधला सर्व खेळ म्हणजे सरदारास मिळालेली मुदत आहे, आणि ती संपतांना ऐकूं येणारें पाऊल प्रेक्षकास अनोळखी राहत नाहीं.