नैरोबी शहरात काय पाहिले
(मंडळाच्या वार्षिक समारंभात केलेले भाषण)



धाकट्या जावेच्या बाळंतपणासाठी मी दोन महिने आफ्रिकेत, नैरोबीला राहून आले. आल्यापासून हळदीकुंकवाला एकच विचारणा, "सिंह पाहिले का हो?" पाहिले, शहराला लागूनच राखीव रान आहे. पण शहरात काय पाहिले ते कोणी विचारत नाही, म्हणून आज तेच सांगते.

नैरोबी ही केनिया देशाची राजधानी. उंची आपल्या चिखलदऱ्याहून जास्त, त्यामुळे हवा गार. मसाई लोकांच्या भाषेत नावाचा अर्थच 'थंड पाणी'. शहर जुने नाही. १८९९ साली रेल्वे तिथवर आली, छावणी पडली, तिचेच शहर झाले. मोंबासा बंदरापासून ही रेल्वे घालायला इंग्रजांनी १८९६ ते १९०१ या काळात हिंदुस्थानातून सुमारे ३२ हजार मजूर नेले. त्यांतले अडीच हजारांच्या जवळपास तिकडेच मेले. रूळ मीटरगेजचे. अकोल्याहून खांडव्याला जाणारी लहान गाडी ज्यांना आठवते, त्यांना तिथल्या रेल्वे संग्रहालयातले डबे ओळखीचे वाटतील. त्यांतल्या एका डब्यातून १९०० साली रायल नावाच्या साहेबाला सिंहाने ओढून नेले. त्या साहेबाचे नाव मलाही पाठ झाले. अडीच हजारांतले एकही मला सांगता येत नाही.

मजुरांतले काही तिथेच राहिले, दुकानदारही गेले. त्यामुळे तिथे दुकानाला 'दुका', चहाला 'चाई' आणि चपातीला चपातीच म्हणतात. माझे बाजारात अडले नाही!

विद्यापीठात गांधीजींचा पुतळा आहे. १९५६ साली डॉ. राधाकृष्णन यांनी त्याचे अनावरण केले. इंग्रजी अमलात गोऱ्या, हिंदी आणि आफ्रिकी मुलांच्या शाळा वेगवेगळ्या असत. हिंदी लोकांनी गांधी-स्मारकासाठी वर्गणी जमवली, ती सर्व वर्णांची मुले एकत्र शिकतील अशा कॉलेजाच्या कामी लावली. १९४८ पासून काही वर्षे आपल्या सरकारचे आयुक्त म्हणून तिथे औंधचे आप्पा पंत होते. सूर्यनमस्कारांचा प्रसार करणाऱ्या राजेसाहेबांचे हे चिरंजीव.

राष्ट्रीय संग्रहालयात जायला मात्र मी का कू करत होते. सातवी शिकलेल्या बाईला तिथे काय कळणार? जाऊ म्हणाली, "जाऊबाई, चला तर खरं." तिथे एका मुलाचा सांगाडा आहे, सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीचा. १९८४ साली तुर्काना सरोवराजवळ कामोया किमेउ यांना काळ्या खड्यांत कवटीचा आगपेटीएवढा तुकडा दिसला, मग पुढचे खोदकाम झाले. या माणसाचे शिक्षण प्राथमिकच. आपण तांदळातून खडा निवडतो, यांनी खड्यांतून हाड निवडले. त्या काचेपाशी मी बराच वेळ उभी होते. जावेच्या बाळाने रडून उठवले तेव्हा हलले.

नागपूरचा अजबबंगला १८६३ सालचा आहे, आणि आपल्यातल्या कितीतरी जणी बाहेरूनच गेल्या आहेत. यंदाच्या सहलीसाठी मी त्याचे नाव सुचवले आहे. येणाऱ्या भगिनींनी चहानंतर चिटणीसबाईंच्या वहीत नाव लिहावे. दशम्या आणि चटणी माझ्याकडे लागली.